एकदाच आलेलं अक्षर

त्रिंबकची आई घरातून गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. ती मेली नव्हती, पळूनही गेली नव्हती, आणि तिला कुणी घराबाहेरही काढलं नव्हतं. तेलगावच्या घरातून, दिवसाउजेडी, सगळ्या भावकीच्या देखत ती दीक्षा घ्यायला महानुभावांच्या मठाकडं निघाली. नवऱ्याकडं ती पुष्कळ दिवस परवानगी मागत होती. भगवानराव, ज्याला त्रिंबक दादा म्हणायचा, अबोल माणूस. एक दिवस बैलांना वैरण टाकता टाकता तो म्हणाला, "जा." एवढंच. त्यानंतर त्या घरात रुक्मिणीबाईचं नाव कुणी काढलं नाही.

दारातून निघताना बायका 'येते' म्हणतात. शेजारी ताक मागायला जातानाही 'जाते' म्हणायची रीत नाही. पण तिनं त्रिंबकच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जाते रे." खोटं बोलायचं नाही, हे व्रत तिनं दीक्षेच्या आधीच धरलं होतं. पोराला त्यातलं काही कळलं नाही. तो दोन दिवस वेशीपाशी जाऊन बसला, तिसऱ्या दिवशी दगडाबाई आत्यानं त्याला दंडाला धरून घरी आणलं. "कामून बसलास तिथं? ती येणार न्हाई म्हणून सांगून गेली की," आत्या म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावून स्वतःच रडत बसली.

पुढं त्रिंबक शिकला. बीडला एका नातेवाइकाकडं राहून मराठी झाली, पोटापुरती उर्दू झाली, आणि तलवाड्याच्या सरकारी शाळेत त्याला मास्तरकी मिळाली. भिवराबाईशी लग्न झालं, एक मुलगी झाली, तिचं नाव गंगासागर. सगळं जगाच्या रीतीनं चाललं होतं. फक्त काळसर वस्त्रातली, भिक्षेची झोळी घेतलेली एखादी बाई रस्त्यानं जाताना दिसली, की हा माणूस जिथल्या तिथं उभा राहायचा. ती दिसेनाशी होईपर्यंत हलायचा नाही.

एका वर्षी गोदावरीला, म्हणजे तिकडच्या गंगेला, असा पूर आला की काठावरची माणसं घरंदारं सोडून उंचावरच्या गावांत आली. गंगेकाठच्या एका महानुभाव मठातले साधू दोन बैलगाड्या घेऊन तलवाड्याला आले. गाड्यांत ना धान्य होतं ना भांडीकुंडी. होती ती कापडात बांधलेली पोथ्यांची गाठोडी, आणि ती भिजली होती. पाटलानं त्यांना शाळेची पडवी दिली. ऊन पडलं तसे साधू एकेक पान सुटं करून पडवीत वाळत घालू लागले.

त्रिंबक जवळ गेला आणि वाकून पाहू लागला. अक्षरं बाळबोधच होती. क ओळखीचा, त ओळखीचा, काना-मात्रा-वेलांट्या जागच्या जागी. पण वाचू गेलं तर एकही शब्द लागत नव्हता. वाट सवयीची आणि पाय मात्र प्रत्येक पावलाला खड्ड्यात, असं होत होतं.

"हे काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

त्यांचे महंतबाबा पडवीच्या खांबाला टेकून बसले होते. म्हातारे, किडकिडीत, पण नजर मोठी मिस्कील. ते म्हणाले, "मराठीच आहे, मास्तर. आमच्या एका जुन्या आचार्यांच्या आठवणी. फक्त अक्षरांनी घरं बदललीत. एकाच्या घरात दुसरा राहायला गेलाय."

"कशापायी?"

"पूर्वी धामधुमीचे दिवस होते. पोथी कुणाच्या हाती लागेल, कोण काय करील, याचा भरवसा नव्हता. म्हणून थोरांनी कुलूप घातलं. आता ज्याला दीक्षा, त्याला किल्ली."

"तुमच्यातल्या सगळ्यांना येतं हे वाचायला? बायांनाही?"

"बायांनाही. आमच्या मठात चांगलं वळण बायांचंच."

त्रिंबकच्या तोंडाशी एक नाव आलं होतं. ते त्यानं गिळलं. त्याऐवजी म्हणाला, "एक पान उतरवून घेऊ का?"

बाबा हसले. "घ्या की. आणि वाचता आलं तर मठात येऊन आम्हाला वाचून दाखवा."

त्यानं पान उतरवून घेतलं, काना-मात्रा न चुकवता. साधू पूर ओसरल्यावर निघून गेले, आणि उतरवलेलं पान त्रिंबककडं राहिलं.

शाळेत फारसी शिकवायला मौलवी बदरुद्दीन होते. जाडजूड, पान खाणारे, रागीट, आणि विद्येचं नाव काढलं की लोण्यासारखे मऊ होणारे. त्रिंबकनं त्यांना पान दाखवलं. मौलवींनी ते उलटंसुलटं पाहिलं, कारण त्यांना बाळबोध येत नव्हतीच. पण गोष्ट कळल्यावर त्यांचे डोळे चमकले.

"मास्तर, ये तो पुराना इल्म हाय," ते म्हणाले. "बगदादकडच्या आलिम लोकांनी हजार बरसांमागं लिहून ठेवलंय. छुपी लिखावट उघडायची तर पहिले हर्फ गिना. हर जबानीत काही हर्फ घडी घडी येतात, काही ईद के चाँद. अरबीत सबसे ज्यादा अलिफ, मग लाम. तुमच्या मराठीत कोणता?"

 जन्मभर मराठी बोलून त्यात कोणतं अक्षर जास्त येतं हे त्रिंबकला माहीत नव्हतं.

मग शाळेची शुक्रवारची सुट्टी सगळी त्यातच जाऊ लागली. भिवराबाईनं निवडून ठेवलेले चिंचोके त्यानं मागून घेतले. ओसरीवर खडूनं घरं आखली, प्रत्येक घरात एक अक्षर. आधी साधी मराठी घेतली, शाळेच्या पुस्तकातली, आणि एकेका अक्षराला एकेक चिंचोका टाकत गेला. त, र, ल, न यांचे ढीग झाले. झ, ठ, फ, ढ यांची घरं जवळजवळ रिकामी राहिली. मग तसंच त्या पानाचं केलं. मौलवी समोर बसून विडा चघळत निगराणी करायचे, आणि गंगासागरनं एखादा चिंचोका उचलला की स्वतःच ओरडायचे.

इथपर्यंत झकास झालं, पण पुढं गाडं अडलं. पानात सगळ्यांत मोठा ढीग 'ख'चा होता. त्याच्या जागी त घालून पाहिला, र घालून पाहिला, ल घालून पाहिला. कुठं दोन शब्द लागल्यासारखे वाटायचे आणि तिसऱ्यावर सगळं कोसळायचं. एक पान म्हणजे मजकूर तो किती, त्यात ढिगांची उंची फसवायची. शिवाय जुन्या लिहिणाऱ्यांनी शब्द तोडलेच नव्हते. सगळं सलग, मधेच कुठं उभी रेघ. पावसाळा गेला, ज्वारी हुरड्याला आली, आणि मास्तर होते तिथंच होते.

"तुमी नेमकं काय हुडकायलात?" एकदा भिवराबाईनं विचारलं. ती चुलीपुढं बसली होती, हा दाराशी पान घेऊन.

"किल्ली."

"आन् किल्ली घावल्यावर?"

 तिनं भाकरी उलटली. "सासूबाईंचं नाव घेतलं तर काय जीभ झडत न्हाई तुमची," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तवापास्नं बघते. घरात एक माणूस हाय आन् त्याचं नाव कुणी घ्यायचं न्हाई."

त्रिंबक उठून बाहेर गेला, पण दूर गेला नाही. अंगणातल्या बाजेवर बसला. आत भिवराबाई गंगासागरला जेवताना गोष्ट सांगू लागली. कुठल्या तरी कोल्ह्याची गोष्ट. मग कोल्हा म्हणाला, मग करकोचा म्हणाला, मग ते दोघं नदीवर गेले. गंगासागर प्रत्येक वेळी हुंकार देत होती.

त्याची आई अशीच सांगायची. जात्यावर बसून, एका हातानं खुंटा, दुसऱ्या हातानं मुठीमुठीनं दाणे. प्रत्येक वाक्याला 'मग'. तो पेंगायला लागला की ती नुसतं 'मग' म्हणून थांबायची. पुढचं हवं असलं तर डोळे उघडावे लागायचे.

त्यानं पान उजेडाकडं धरलं. उभी रेघ, आणि तिच्या पुढं दोन अक्षरं, काना नाही, मात्रा नाही. पुढची उभी रेघ, पुन्हा तीच दोन. त्याच्या पुढची, पुन्हा तीच. इतके दिवस तो अक्षरांचे ढीग मोजत होता, आणि हे लिहिणारा माणूस गोष्ट सांगत होता.

म आणि ग. त्या दोन अक्षरांनी एक शब्द उघडला, जो पानभर पुन्हा पुन्हा येत होता आणि म्-च्या जोडाक्षरानं सुरू होत होता. त्यावरची वेलांटी, शेवटची मात्रा पाहिली आणि त्याला हसू फुटलं. म्हणितलें. कुणी ना कुणी काही ना काही म्हणत होतं. त्यातून ह, ण, त, ल मिळाले. 'ख'चा मोठा ढीग 'ल'चाच होता. पूर्वी त्यानं ल घालून पाहिला होता, पण बाकीची अक्षरं चुकीची धरल्यामुळं तो टिकला नव्हता. आता गाठी आपोआप सुटू लागल्या. दिवेलागणीला भिवराबाई कंदील घेऊन आली तर नवरा बाजेवर बसून ओल्या डोळ्यांनी मोठ्यानं वाचत होता.

पान एका बाईविषयी होतं. ती घर सोडून आचार्यांकडं आली होती, आणि रोज तिसऱ्या प्रहरी मठाबाहेर बसायची. जुन्या मराठीत लिहिलं होतं:

'मग ते बाई वाटेकडे पाहात बैसली असे। मग आचार्यीं पुसिलें : बाई : काइ पाहात असा। मग बाईं म्हणितलें : जी जी : गांवीं लेकरूं ठेविलें : तेणें मन –'

इथं एक अक्षर होतं जे पानभर एकदाच आलं होतं. त्याला उकार होता आणि पुढं 'रे'. झुरे असेल. फुरेही असू शकेल, जुन्या पोथ्यांत मन फुरतंही, म्हणजे उचंबळतंही. झ आणि फ, दोघांचीही घरं अजून रिकामीच होती. एकदाच आलेल्या अक्षराला ताळा नसतो, तिथं मौलवींचं गणितही चालत नाही आणि गोष्टीचा ओघही. त्याला जे हवं होतं ते तो घालू शकला असता. पण हवं आहे म्हणून घातलं तर मग बाकीचं तरी खरं कशावरून, असं वाटून त्यानं ती जागा मोकळी ठेवली.

त्यापुढं एकच ओळ होती. 'मग आचार्यीं म्हणितलें :' आणि तिथं पान संपलं होतं.

आचार्य काय म्हणाले, ते पुढच्या पानावर. पुढचं पान मठात.

मौलवींनी त्याला मिठी मारली आणि लगेच बजावलं, "आता हे लिहून काढा आणि छापायला धाडा. पुण्याला धाडा, हैदराबादला धाडा. नाव होईल."

"आधी एकदा मठात जाऊन येतो," त्रिंबक म्हणाला.

गंगेकाठी पोचला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मठ म्हणजे मातीच्या भिंतींचं लांबट घर. पुराच्या खुणा अजून भिंतींवर होत्या. महंतबाबांनी त्याला ओळखलं. दंडवत झाला, पाणी झालं. "वाचता आलं वाटतं," बाबा म्हणाले. ते हसले नाहीत.

"एक अक्षर अडलंय. बाकी आलं."

बाबांनी आत हाक दिली. "तेलगावकर बाईंना बोलवा. ही पोथी त्यांच्या हातची आहे." मग त्रिंबककडं वळून म्हणाले, "मूळ पोथी जीर्ण झाली होती. त्यांनीच नवी उतरवली."

म्हणजे इतके महिने ज्या पानाची नक्कल तो डोळ्यांपुढं धरून बसला होता ते आईच्या हातचं होतं. 

एक म्हातारी बाई आली आणि बाजूला भिंतीशी बसली. डोकं तुळतुळीत, अंगावर काळसर वस्त्र, पाय भेगाळलेले, चालून चालून रुंद झालेले. त्रिंबकनं तिच्याकडं पाहिलं आणि त्याला काही ओळखू आलं नाही. सात वर्षांच्या पोराला आईचा चेहरा असा किती आठवणार. त्याला आठवत होता तो डोक्यावरचा हात आणि जात्यावरचा आवाज.

"वाचा, मास्तर," बाबा म्हणाले.

तो वाचू लागला. कुठं अडला नाही. लेकरूं ठेविलें, इथपर्यंत आला. 'तेणें मन' म्हणाला आणि थांबला. मोकळी जागा होती.

"झुरे," ती म्हणाली.

तोच आवाज होता. म्हातारा झालेला, पण तोच. त्रिंबकनं मान खाली घातली. दौत जवळ नव्हती, नाहीतर त्यानं ते अक्षर तिथंच भरलं असतं, निदान हातांना काही काम मिळालं असतं.

"पुढचं पान यांच्याकडं नाही," बाबा तिला म्हणाले. "सांगा."

तिनं डोळे मिटले आणि पाठ म्हटलं, "मग आचार्यीं म्हणितलें : बाई : आठवे तें आठवों द्या : परि वाट न पहा। मग ते बाई उठिली : पाणियासि गेली।"

"मग?" त्रिंबकच्या तोंडून निघून गेलं.

"एवढंच हाय," ती म्हणाली.

महंतबाबा उठले. गायीला पाणी दाखवायचं राहिलंय, असं काहीतरी पुटपुटत ते बाहेर गेले. दार उघडंच होतं. अंगणात दोन साधू सूत कातत बसले होते.

 मग त्रिंबक म्हणाला, "मी त्रिंबक."

"वाचायला लागलात तवाच कळलं. तुमी 'ण' जिभेनं अजून तसाच ढकलता."

तुमी. आई पोराला अहो-जाहो करत होती. तिच्या मार्गात सगळ्यांना तसंच म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं. 

"आत्या गेली," तो म्हणाला. "दादा बरे हायेत. शेत बघतात अजून. मला एक मुलगी हाय. गंगासागर. चिंचोके पळविते."

ती ऐकत राहिली. 'चिंचोके' ऐकून तिचे ओठ किंचित हलले. पण तिनं विचारलं काहीच नाही. कुणाला कोणता आजार झाला, कोण कसं गेलं, पोरगी कुणावर गेली, काही नाही. तो सांगत गेला आणि ती ऐकत गेली, आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की विचारायचं नाही हा तिचा नेम असेल, पण उठून जायचं नाही हे तिचं तिनं ठरवलं आहे. म्हणून तो सांगत राहिला. गाव, पाऊस, शाळा, मौलवींचा राग. ऊन भिंतीवरून खाली उतरलं.

शेवटी तो म्हणाला, "एक पुसू का?"

"पुसा."

"हे पान पुरात मुद्दाम वर ठिवलं होतं का कुणी? माझ्यापुढं यावं म्हणून?"

"न्हाई," ती म्हणाली. "मी गंगेच्या पल्याड होते तवा. पानं पाण्यात होती. कुठलं वर आलं, कुणाला ठावं."

त्याला ते खोटं असावंसं वाटलं, पण ही बाई खोटं बोलत नव्हती.

निघताना तो वाकला. तिनं हात उचलला नाही, स्पर्श त्यांच्या नेमात बसत नव्हता. ती स्वतःच त्याच्यापुढं वाकली, जसे ते लोक सगळ्यांपुढं वाकतात. अंगणात महंतबाबा भेटले. त्रिंबकनं त्यांना विचारलं, "बाबा, ही किल्ली छापली तर?"

"उघडलीत तुम्ही," ते म्हणाले. "आम्ही कुठल्या तोंडानं नको म्हणावं?"

त्यांनी नको म्हटलं असतं तर कदाचित त्यानं छापली असती.

महिन्याभरानं तो भिवराबाई आणि गंगासागरला गाडीत घालून पुन्हा मठात गेला. भिवराबाईनं मुलीला नवं परकर-पोलकं शिवलं होतं. मठात कळलं, की तेलगावकर बाई आणखी दोघींबरोबर वऱ्हाडाकडं निघून गेल्या. एका ठिकाणी फार राहायचं नाही, असा त्यांचा मार्ग. परत कधी येतील ते कुणी सांगू शकलं नाही. भिवराबाईनं गंगेत मुलीचे पाय धुतले आणि तिघं माघारी फिरली.

लेख त्यानं लिहिला. चांगला लिहिला, मौलवींच्या आलिमांचं ऋणही त्यात मांडलं. पण धाडला नाही. मौलवी महिनाभर त्याच्याशी नीट बोलले नाहीत. "इल्म गाडून ठेवायची चीज न्हाई," ते म्हणत. त्यांचं खोटं नव्हतं. काही वर्षांनी बीडहून आलेल्या एका वर्तमानपत्रात बातमी होती, की पुण्याकडच्या कुणा विद्वानानं महानुभावांच्या लिपीचा उलगडा केला. मौलवींनी ती मुद्दाम कुणाकडून तरी वाचून घेतली आणि कागद त्रिंबकपुढं ठेवला. त्रिंबकला हळहळ वाटली नाही असं नाही. पण नावाची फार नाही. आता ते दार कुणीही ढकलून आत जाईल, याची जास्त.

ते पुढचं. आई वऱ्हाडाकडं गेल्याचं कळलं त्याच साली, शिमग्याच्या सुट्टीत तो एकटाच तेलगावला गेला होता. भगवानराव कापसाच्या रानात होता. वय झालं होतं, पण पाठ ताठ. बांधावर दोघं बसले. त्रिंबक म्हणाला, "दादा, आईला भेटलो."

भगवानराव ढेकूळ हातात घेऊन चुरत राहिला. माती सगळी बोटांतून गळून गेल्यावर म्हणाला, "बरी हाय?"

"बरी हाय."

"केस?"

"न्हाईत. त्यांच्यात ठिवत न्हाईत."

"लई लांब होते," भगवानराव म्हणाला.

भगवानराव तिच्याविषयी काही सांगतोय, असं त्रिंबकनं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. वारा कापसातून जात होता. त्रिंबकनं खिशातून पान काढलं. भगवानरावाला कुठलीच अक्षरं येत नव्हती, साधी नाहीत आणि बदललेलीही नाहीत. त्रिंबकनं ते त्याला वाचून दाखवलं, पहिल्यापासून, जुन्या बोलीतलं सोपं करत. बाई कशी वाटेकडं पाहत बसायची, आचार्यांनी काय विचारलं, ती काय म्हणाली. मन झुरे, इथं भगवानरावानं मान वळवून रानाच्या दुसऱ्या टोकाकडं पाहिलं.

पान संपलं. त्रिंबक थांबला.

"मग?" भगवानराव म्हणाला.

त्रिंबकनं पुढचं सांगितलं. आठवतं ते आठवू द्या, पण वाट पाहू नका. मग ती बाई उठली आणि पाण्याला गेली.

 भगवानराव हात झटकून म्हणाला, "पुन्हा एकदा वाच."